एचआयव्ही-१ की एचआयव्ही-२: अहवाल वाचताना काय पाहावे

एचआयव्हीचा अहवाल हाती आला की नजर 'पॉझिटिव्ह' या शब्दावरच खिळते, आणि विषाणूचा प्रकार कोणता याकडे लक्ष जात नाही. पुढच्या तपासण्यांचे आकडे कसे वाचायचे हे मात्र त्या प्रकारावरच अवलंबून असते, म्हणून आधी तोच पाहावा. अहवालात तो नमूद नसेल, तर दोन्ही प्रकार वेगळे ओळखणारी चाचणी झाली आहे का, असे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.

एचआयव्ही-१ चा शोध १९८३ मध्ये लागला आणि जगातील बहुतांश संसर्ग त्याचेच आहेत. एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतील रुग्णांमध्ये आढळल्याचे १९८६ मध्ये जाहीर झाले आणि आजही तो प्रामुख्याने त्याच भागात दिसतो. दोन्ही विषाणू सीडी४ पेशींमध्ये शिरतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पेशींवरच घाला घालतात. एचआयव्ही-१ च्या संसर्गात पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या आवरणातील या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. त्यानंतर प्रतिकारयंत्रणा सतत उत्तेजित राहते आणि विषाणू न शिरलेल्या पेशीही त्या ताणाने मरत जातात. उपचार न घेतल्यास साधारण दहा वर्षांत एड्सची अवस्था येते, अर्थात व्यक्तीगणिक हा काळ बराच कमीअधिक असतो. एचआयव्ही-२ मध्ये रक्तातील विषाणूंचे प्रमाण पुष्कळ कमी असते, त्यामुळे सीडी४ पेशी सावकाश घटतात. तरीही त्याला सौम्य समजून स्वस्थ बसणे घातक आहे, कारण पेशी घटल्यावर होणारे आजार तेच आणि तितकेच गंभीर असतात.

सर्वाधिक गफलत व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीच्या, अहवालात होते. एचआयव्ही-१ साठी बनवलेली चाचणी एचआयव्ही-२ मोजत नाही. त्यामुळे एचआयव्ही-२ असलेल्या व्यक्तीच्या अहवालात 'विषाणू आढळला नाही' असे आले, तर त्यावरून औषधे लागू पडली असा निष्कर्ष काढता येत नाही. एचआयव्ही-२ ची स्वतंत्र चाचणी उपलब्ध नसेल, तर सीडी४ पेशींच्या संख्येचा कल आणि प्रकृती यांवरच भिस्त ठेवावी लागते. औषधांचेही तसेच आहे: नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ एचआयव्ही-२ वर चालत नाहीत, तर डोल्युटेग्राविर दोन्हींवर चालते. दोन्ही प्रकारांचा संसर्ग एकाच वेळी असू शकतो, आणि तेव्हा दोन्हींना आवर घालणारीच औषधे निवडावी लागतात.

एचआयव्ही-१ चे उपप्रकारही आहेत. त्यांपैकी 'सी' जगात सर्वाधिक आढळतो, आणि 'डी' मध्ये प्रतिकारशक्ती अधिक वेगाने खालावत असल्याचे दिसले आहे. उपचार घेणाऱ्याने मात्र या अक्षरांची फार चिंता करू नये, कारण सध्याची औषधे या उपप्रकारांवर उत्तम काम करतात.

सीडी४ चा एकच आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये, कारण साध्या तापानेही तो तात्पुरता खाली येतो. मागचे अहवाल तारखेनुसार लावून त्यांचा कल पाहावा. संख्या दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली गेली असेल, तर संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खालावल्यावर जडणारे आजार) टाळण्यासाठी कोणती प्रतिबंधक औषधे सुरू करायची हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधे, सुरू करण्यासाठी मात्र संख्या घटण्याची वाट पाहू नये. सीडी४ कितीही असले तरी उपचार सुरू करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची शिफारस आहे.