मागच्या खोलीतला वर्ग: पावसाआधी उरकायची तयारी

मुलांना घरी शिकवायचं ठरलं आणि मागची खोली त्यासाठी मोकळी करायची म्हटलं, की पहिली अडचण मे महिन्याची. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पाऊसही तेव्हाच येतो. म्हणजे खोली मेमध्येच तयार हवी, आणि नेमकी तेव्हा तिथे आंब्याची अढी घातलेली असते. आमच्याकडे यावर चार दिवस बोलणी झाली, मग अढी पडवीत गेली. तुमच्याकडेही होतील, पण १५ मेच्या पुढे ढकलू नका. चुना लावलेली भिंत वाळायला कडक ऊन लागतं.

सामान आत नेण्याआधी पश्चिमेची भिंत बघा. झड त्याच बाजूने येते आणि जांभ्याचा चिरा पाणी पितो. बाहेरून माडाच्या झावळ्यांची झापं बांधा, नाहीतर ताडपत्री. पुस्तकांची मांडणी त्या भिंतीला नकोच. दुसऱ्या भिंतीपासूनही वीतभर लांब ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही ती हौसेने टेकवून ठेवली होती. गणपतीच्या साफसफाईला ओढली, तर पुस्तकांवर हिरवट बुरशी, आणि वाळवीने ॲटलासमधली अर्धी आफ्रिका नेलेली. आता रोजची पुस्तकं उघड्यावर, बाकीची पत्र्याच्या ट्रंकेत. तक्ते चिकटपट्टीने राहत नाहीत. सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. खडू घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि कंपासला खोबरेल तेलाचा हात लावा.

बेंच विकत घेऊ नका. माळ्यावर हिशेबाचं जुनं उतरतं डेस्क असेल तर ते पुसून घ्या, खाली चटई घाला. ते अशा जागी ठेवा, की उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून उजेड मिळेल. छपरात एकदोन काचेची कौलं बसवून घेतली तर दिवसा दिव्याची गरज कमी पडते, आणि पावसात लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. रेंज धड आहे तोवर त्या उतरवून ठेवा.

आता माझ्या आवडीची वस्तू: तिथी दाखवणारं कॅलेंडर. ते मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊण तासाने, नीट मोजलं तर सुमारे ५० मिनिटांनी, पुढे का जाते, हे मुलं स्वतःच विचारतात. आमच्याकडे अपूर्णांक या भिंतीवरच शिकून झाले, मग किनाऱ्यावर जाऊन ताळा. शेजारी खुंटीवर पर्जन्यमापकाची वही टांगा. सरळ कडांची काचेची बरणी अंगणात उघड्यावर ठेवली आणि पट्टीने पाणी मोजलं की झालं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एवढं धरून अंगणात किती पाणी पडलं ते जुलैत काढायला लावा, आकडा बघून मोठी माणसंही गप्प होतात.

कागदपत्रांची एक प्लास्टिकची पिशवी करा: जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी त्यांच्या अ, ब, क अशा पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. राज्य मंडळाकडून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा अर्ज. त्याच्या तारखांवर दरवर्षी लक्ष ठेवावं लागतं.

राहिलं दार. सुतारांना मेमध्येच बोलवा आणि रंधा थोडा जास्तच मारायला सांगा. जुलैत दार फुगून बसलं, की मुलं बाहेर अडकतात, आणि ते ढकलायला कुणीही पुढे येत नाही.