एसजीपीटी वाढलंय? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

माझा भाचा रविवारी पहाटे सिंहगड दोनदा चढला-उतरला आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या तपासणीसाठी रक्त देऊन आला. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम्स वाढलेली, एसजीओटी 96, एसजीपीटी 58, दोन्ही आकडे ठळक अक्षरांत. ताईने त्याच रात्री त्याचं तेल-तूप बंद केलं. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, ‘काल काय केलंस?’ मग सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासायला लावलं. तेही चांगलंच चढलेलं होतं. दुखावले होते ते मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू. दोन आठवडे व्यायाम थांबवून पुन्हा रक्त दिलं, तेव्हा सगळं जागेवर आलं होतं.

एसजीओटी स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही असतं. एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं, तरी स्नायूंत थोडं असतंच. म्हणून तपासणीआधी काही दिवस अंगमेहनतीचा व्यायाम नको.

दुसरी चूक नावामुळे होते. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हटलं तरी एसजीओटी-एसजीपीटी यकृताचं काम मोजत नाहीत. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात, एवढंच. कामाचा अंदाज अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि रक्त गोठण्याच्या तपासणीवरून येतो. एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकतं, हेही ध्यानात ठेवा. वाढत्या मुलांत याच रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जास्त दिसतं ते बहुधा हाडांमुळे.

सगळ्यात जास्त त्रास लपवाछपवीने होतो. दारू किती, हे तर लोक सांगत नाहीतच. पण गुळवेलीचा काढा, जिममधली पावडर, गुडघेदुखीची पुडी यांना कुणी औषधच समजत नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डब्या-बाटल्या पिशवीत घालून सरळ डॉक्टरांपुढे ठेवा. उलट, टीबीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आकडा पाहून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

आणि डोळे पिवळे, लघवी गडद, सारख्या उलट्या असतील, तर ‘पुढच्या आठवड्यात परत तपासू’ म्हणत बसू नका. पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात, आणि ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. काविळीची माळ, नाकात थेंब यांत दिवस घालवू नका. माणूस बरळायला लागला किंवा सारखा झोपाळलेला राहिला, तर रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.