गुजराती व्याकरणाचं पुस्तक मराठी माणसाने कुठून उघडावं

बडोद्यात दांडिया बजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत गुजराती कानावर पडतच असते. अडतं ते लिहिताना आणि लिंग-वचनात. म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. हिंदी किंवा इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं नपुंसकलिंग आणि 'अमे-आपणे' समजावण्यात पानं घालवतात. आपल्याकडे तीन लिंगं आहेतच, आम्ही-आपणही आहे. ती पानं सरळ उलटा.

विकत घेण्याआधी दोन जागा तपासा: भूतकाळात क्रियापद कोणाशी जुळतं आणि 'नथी' (आपलं 'नाही') कसं वापरायचं. दोन्हींची पुरेशी उदाहरणं नसतील तर पुस्तक परत ठेवा.

आधी लिपी. शिरोरेघ नाही याची सवय दोन दिवसांत होते. फसवतात ते र आणि २, प आणि ५, कारण गुजराती लिपीत हे आकडे त्या अक्षरांसारखेच दिसतात. दुकानांच्या पाट्या रोज वाचा.

मग शब्दांची शेवटं. मराठी आ-ई-ए, गुजराती ओ-ई-उं: छोकरो, छोकरी, छोकरुं. आपली सर्वांत मोठी चूक इथेच होते. गुजरातीत 'दरवाजो' एक, 'दरवाजा' अनेक. शहरातला 'चार दरवाजा' भाग आठवा, नियम डोक्यात बसेल. एकच दार लावायला सांगताना 'दरवाजा बंध करो' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला ती अनेक दारं वाटतात. लिंग मात्र गृहीत धरू नका: चहा आपल्याकडे पुल्लिंगी, 'चा' स्त्रीलिंगी. अर्थाचंही तसंच; 'ओरडो' म्हणजे खोली, आरडाओरडा नव्हे.

भूतकाळावर आठवडा द्या. 'मी पोळी खाल्ली' आणि 'में रोटली खाधी' यांची जुळणी सारखीच. पण 'मी मुलीला पाहिलं' हा आपला भावे प्रयोग. गुजरातीत 'में छोकरीने जोई', 'ने' लागूनही क्रियापद मुलीशीच जुळतं. मराठीच्या सवयीने 'जोयुं' लिहिलं जातं. खाधुं, पीधुं, लीधुं ही रूपं वेगळी पाठ करा, आणि शब्दकोशात ती खावुं, पीवुं, लेवुं इथे शोधा.

नकारात आणखी एक गंमत: 'हुं जाउं छुं' यात लिंग नाही, पण 'हुं जतो नथी' किंवा 'जती नथी' यात येतं.

शुद्धलेखनाच्या शंकेला गुजरात विद्यापीठाचा 'सार्थ गुजराती जोडणीकोश' (पहिली आवृत्ती 1929). जुने संस्थानी कागद वाचायचे असतील तर 1931 चा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' शोधा; कारभारातले शब्द त्यात गुजराती-मराठीसह अनेक भाषांत शेजारी-शेजारी मांडले आहेत.

वहीत तीन रकाने पुरतात: मराठी वाक्य, गुजराती वाक्य, फरक. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य लिहायची गरजच नव्हती.