पुढचे टायर एकाच बाजूने झिजतायत? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

आधीच सांगतो, यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात. पुढचे दोन्ही टायर बाहेरून बघितले तर एकदम मस्त, नक्षी शाबूत, कुठे चीर नाही, त्यामुळे मी निवांत. मग एकदा पंक्चर काढायला चाक उतरवलं तर आतल्या कडेला रबर संपून तारा दिसत होत्या! त्यानंतर मी तीन वेळा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली, तिन्ही वेळा मशीनवर सगळे आकडे हिरवे, आणि टायर मात्र खाणं चालूच. दोष कुठे निघाला ते पुढे येईलच, पण तेव्हा एक कळलं की मशीन शेवटी बघायचं असतं, पहिली साक्ष टायरची घ्यायची.

उभ्याउभ्या टायर बघणं

आपण गाडीशेजारी उभे असतो तेव्हा आपल्याला टायरची बाहेरची कड दिसते, आतली दिसतच नाही, आणि झीज बऱ्याचदा तिथेच होते. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, खाली बसा, मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या कडेपर्यंत बघा, मग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरा टायर बघा. डेप्थ गेज असेल तर आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी खोली मोजून कुठेतरी लिहून ठेवा, नसेल तर खाचांमध्ये जे आडवे उंचवटे असतात ते बघा, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली म्हणजे साधारण १.६ मिमी उरली आणि टायर संपला. एका कडेला संपला तरी संपलाच, बाकीचा अर्धा कितीही चांगला असू दे.

नुसतं बघायचं, हात लावायचा नाही

डोळ्याला दिसायच्या आधी टो (वरून बघितलं तर चाकं सरळ आहेत की आत-बाहेर वळलीत ते) बिघडल्याचं हाताला कळतं. गाडी बंद, हॅंडब्रेक ओढलेला, टायर गार झालेला असताना तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. दोन्हीकडे सारखंच लागलं तर ठीक. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीच्या दातांसारखं टोचलं तर टायर आडवा घासला जातोय. आतून बाहेर हात नेताना टोचलं तर टो-इन जास्त झालाय, म्हणजे चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलीत, आणि बाहेरून आत आणताना टोचलं तर टो-आउट. फक्त जिथे कड पार झिजलीय तिथे हात जपून, तार निघालेली असली तर बोट कापतं.

टो थोडासा हलला तर काय बिघडतं असं वाटतं ना, तर हिशोब करून बघा. टायरचा व्यास ६०० मिमी धरा आणि एकूण टो फक्त ३ मिमीने चुकलाय असं धरा, तर प्रत्येक चाक आपल्या वाट्याने किलोमीटरमागे अडीच मीटर आडवं ढकललं जातं. १०,००० किलोमीटरला झाले २५ किलोमीटर! रबर लवचिक असतं म्हणून सगळं घासून जात नाही, पण नवा टायर वर्षभरात एका कडेने टकला का होतो ते यातून समजतं.

झीज एका टायरला आहे की दोन्हीला, हे न बघता टो सेट करणं

हे बरेच जण गृहीत धरतात आणि इथेच चुकतात. डावा टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) जरा हलला म्हणजे डावाच टायर झिजेल असं वाटतं, पण गाडी सरळ चालत असते तेव्हा पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगने एकमेकांना जोडलेली असल्यामुळे ती चूक आपापसात वाटून घेतात. स्टेअरिंग जरा वाकडं राहतं, आणि झीज दोघांनाही साधारण सारखी होते. म्हणजे दोन्ही टायर आतून सारखे झिजले असतील तर पहिला संशय टो-आउटवर, दोन्ही बाहेरून झिजले असतील तर टो-इनवर (किंवा तुम्ही वळणं जोरात घेता, तेही प्रामाणिकपणे मान्य करा).

पण एकच टायर झिजलाय, दुसरा ठणठणीत, आणि हाताला करवत लागत नाही, झीज अगदी तासल्यासारखी तिरकी गुळगुळीत आहे, तर टोच्या मागे लागू नका, ते कॅम्बरचं (समोरून बघितलं तर चाक उभं आहे की झुकलंय त्याचं) काम आहे. चाक वरून आत झुकलं असेल तर आतली कड जाते, बाहेर झुकलं असेल तर बाहेरची. आणि यात गंमत अशी की स्ट्रटवाल्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या) बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीने कॅम्बर सेट करायची सोयच दिलेली नसते. मशीनवाला म्हणतो "कॅम्बर जरा लाल दाखवतंय पण ते ॲडजस्ट होत नाही", आणि आपण मान डोलावून घरी. अहो, ॲडजस्ट होत नाही म्हणजे ते आपोआप हलायलाही नको, मग हललं कसं? कुठेतरी खड्ड्यात नाहीतर फुटपाथच्या कडेला चाक आपटून स्ट्रट, नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय, सबफ्रेम (आर्म जिथे बसतात ती चौकट) सरकलीय, नाहीतर स्प्रिंग बसलीय. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर वाकलेला पार्ट शोधायलाच लावा. कुणी म्हणालं की जागेवरच ताण देऊन वाकवून देतो, तर नको म्हणा, एकदा वाकलेलं लोखंड उलटं वाकवून विश्वासाचं राहत नाही.

आणि हो, ज्यांनी गाडी दिसायला भारी म्हणून खाली बसवलीय त्यांनी कॅम्बर आणि टो दोन्ही बदलणार हे धरूनच चालायचं, ती तक्रार कुणाकडे करायची नाही.

हवेचा दोष अलाइनमेंटवर ढकलणं

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी. मधला पट्टा गेलाय आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. रेडियल टायरमध्ये हे दुसरं तेवढं ठळक दिसत नाही, पण दिसतं. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो आकडा बघून हवा भरू नका. मोजायची ती टायर गार असताना. एवढंच.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच समजणं

८० ते १०० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं आणि त्याच्या खाली-वर थांबतं, तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) बिघडलंय किंवा रिम वाकलीय. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, तर अलाइनमेंट. थरथर घालवायला अलाइनमेंट करून घेणारे खूप भेटतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात, पडणार कसा?

टायरच्या गोलाभोवती ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील, म्हणजे इथे उंच, पुढे खोल, परत उंच, तर ते वेगळंच प्रकरण. शॉकअप थकलेत, चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय, किंवा बॅलन्सिंग बरेच दिवस बिघडलेलं आहे, किंवा बेअरिंगला प्ले (सैलपणा) आलाय. हे खळगे चालवताना गुणगुणतात आणि माणसं बेअरिंगचा आवाज समजून बेअरिंग बदलून बसतात.

सैल पार्टवर अलाइनमेंट करणं

आता माझ्या तीन अलाइनमेंटची गोष्ट. दोष होता लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये (आर्म जिथे बसतो तिथल्या रबरी जोडात), रबर आतून फाटलेलं. गाडी मशीनवर उभी असते तेव्हा काही जोर नसतो, आर्म आपल्या जागेवर बसलेला असतो, सगळे आकडे बरोबर येतात. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकायचा, चाक बाहेर वळायचं, टो-आउट व्हायचा, ब्रेक सोडला की परत जागेवर. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, फक्त उभ्या गाडीचं खरं सांगत होतं. टायर चालत्या गाडीचं सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

म्हणून आधी प्ले बघा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा), पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टॅंड लावा, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. चाक डावी-उजवीकडून म्हणजे घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा, खटखट आली तर टाय रॉड एंड (टाय रॉडचा चाकाकडचा सांधा) किंवा स्टेअरिंग रॅक. वर-खाली म्हणजे १२ आणि ६ वर धरून हलवा, प्ले लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि नकलमधला गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. आता कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बुश हाताने कळत नाही, तिथे पहार किंवा लांब टॉमी अडकवून हलक्या जोराने आर्म ढकलून बघावा लागतो, फाटलेलं रबर उघडं पडतं.

बुश बदलताना अजून एक चूक होते जी मेकॅनिकलाही सांगावी लागते: आर्मचे बोल्ट चाक लटकत असताना फायनल टाइट करायचे नाहीत, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करायचे. नाहीतर गाडी खाली आली की नवीन रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच, हे धरून चालणं

रस्ता पाणी जाण्यासाठी मधे उंच केलेला असतो, त्यामुळे गाडी कडेकडे थोडी जातेच, आधी सपाट जागी खात्री करा. दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे ना बघा. मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा (बाजूवर फिरायच्या दिशेचा बाण असलेले टायर असतील तर नाही), ओढ उलट्या बाजूला गेली तर टायरच्या बांधणीतच खोट आहे, गाडी निर्दोष. थोडं चालवून आल्यावर एक रिम दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेली असेल तर तिकडचा ब्रेक चिकटतोय. यातून काही निघालं नाही तर कॅम्बर-कास्टरकडे वळा (कास्टर म्हणजे बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल). कास्टरने टायर फारसा झिजत नाही, पण गाडी ओढायचं काम तो बरोबर करतो.

निदान व्हायच्या आधी टायर रोटेट करणं

हे म्हणजे पुरावा पुसणं. झिजलेले पुढचे मागे, मागचे पुढे, आणि मग मशीनवाल्याला काय दाखवणार? आधी फोटो काढा, खडूने टायरवर कुठल्या चाकाचा ते लिहा, मग हवं ते करा. रोटेशन ८ ते १० हजार किलोमीटरला करावंच, पण रोग लपवायला नाही.

मशीनवर गाडी चढवून बाहेर चहा प्यायला जाणं

तिथेच थांबा. हवा आधी बरोबर करायला सांगा. चारही चाकांवर सेन्सर लावायला सांगा, कारण मागची चाकं तिरकी असतील तर गाडी थोडी तिरपी चालते आणि ते निस्तरायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं, मग पुढे कितीही सेट करा. मागचं ॲडजस्ट होत नसलं तरी रीडिंग घ्यायलाच हवं. स्टेअरिंग मध्यावर लॉक करून टो दोन्ही टाय रॉडवर सेट झाला पाहिजे, एकाच बाजूचा रॉड फिरवला की स्टेअरिंग तिरकं होतं, आणि काही जण मग स्टेअरिंग काढून सरळ बसवून देतात, ही निव्वळ लपवाछपवी. लॉक नट शेवटी टाइट केले का ते डोळ्याने बघा. स्थिरता नियंत्रणवाली गाडी असेल तर स्टेअरिंगचा सेन्सर शून्यावर आणायचा राहिला नाही ना विचारा. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या, नुसता "झालं साहेब" घेऊन निघू नका.

मग दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत त्याच तीन ठिकाणी खोली मोजा. आत-बाहेर सारखी उतरत असेल तर काम झालं. करवतीसारखा झालेला जुना टायर मात्र अलाइनमेंट बरोबर झाल्यावरही बराच काळ घुमत राहतो, तो आवाज ऐकून परत मशीनकडे धावू नका. आणि ज्याची तार दिसलीय तो टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, मी ठेवला होता, पुढच्या पंक्चरला तोच लावायची पाळी आली आणि चाळीस किलोमीटर जीव मुठीत धरून आलो.