पूर येण्याआधी दुकानाचे हिशेब कसे वाचवावेत

सांगलीत पेठेत दुकान असेल तर दोन आकडे पाठ असतातच: आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यामुळे "पाणी आमच्या पायरीपर्यंत कधी आलं नाही" हा हिशेब आता सोडा.

कोणत्या फुटाला काय हलवायचं ते लिहून भिंतीला लावा. माझ्याकडे ३८ ला खालचे रॅक रिकामे होतात आणि ४० ला संगणक नि वह्या मिरजेला जातात. विम्यात पूर धरलाय का आणि मालाची रक्कम आजच्या साठ्याइतकी आहे का, हे मे महिन्यातच बघा. रक्कम कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते.

आता बॅकअप. "रोज पेनड्राइव्हवर कॉपी घ्या" एवढं सांगून लोक मोकळे होतात. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यानेच माझा घात झाला. २०१९ ला पेनड्राइव्ह माझ्या खिशात कोरडा होता, फाइलची तारीखही आदल्या रात्रीची होती. पाणी उतरल्यावर ती उघडली तर आत मागच्या वर्षाचे हिशेब! एप्रिलमध्ये नवीन वर्षाचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये सुरू केला होता आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा घेत राहिलो. नुकसान बघायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला स्टॉकचा कागद नाही, उधारीची यादी नाही. चार महिन्यांची बिलं मी गिऱ्हाइकांकडून आणि घाऊक व्यापाऱ्यांकडून मागून आणली.

म्हणून माझं ठाम मत आहे: दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला नाही, तो बॅकअप नाहीच. आपल्या सीएंच्या ऑफिसात जा. तिथली टॅलीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आपल्याइतकी किंवा नवी हवी. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून रिस्टोअर घ्या, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत उतरवा, पण आधी एक नवं रिकामं फोल्डर करून त्याचाच पाथ द्या. चालू डेटाच्या फोल्डरवर रिस्टोअर कधीही करू नका. तिथे त्याच क्रमांकाची कंपनी (टॅलीत हिशेबाच्या एका संचाला कंपनी म्हणतात) असेल तर तिच्यावर जुना डेटा बसतो आणि चालू नोंदी जातात. मग शेवटचं विक्री बिल, बँकेची शिल्लक आणि स्टॉक समरीची बेरीज दुकानातल्या आकड्यांशी ताडून पाहा. कंपनी नुसती उघडली म्हणून उठू नका, माझी मागच्या वर्षाचीही उघडलीच होती. व्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा) पासवर्ड लावला असेल तर तो घरात दोघांना माहीत हवा. विसरलात तर तो परत मिळत नाही.

ही चाचणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा. एक प्रत गावाबाहेर ठेवा, एक क्लाउडवर.