टीआरचा वेग आधी, दाबाचा आकडा नंतर

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकताना सुरुवातीच्या महिन्यांत माझ्या सर्वांत जास्त चुका झाल्या त्या फुफ्फुसाच्या धमनीतला दाब काढताना. यंत्र आकडा देतंच आहे, आपण तो रिपोर्टमध्ये उतरवायचा, एवढीच माझी समजूत होती.

मूळ कल्पना सोपी आहे. आरव्ही, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, आकसला की ट्रायकस्पिड झडपेतून थोडं रक्त मागे उसळतं. हेच टीआर, म्हणजे ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन. सीडब्ल्यू डॉप्लरवर, म्हणजे सलग लहरी सोडून रक्ताचा वेग मोजणाऱ्या पद्धतीत, त्याचा कमाल वेग मीटर प्रति सेकंदात मोजायचा, त्याचा वर्ग करून 4 ने गुणायचं आणि आरएचा, म्हणजे उजव्या वरच्या कप्प्याचा, दाब त्यात मिळवायचा; उत्तर येतं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पल्मोनरी झडप अरुंद नसेल तर हाच धमनीतला सिस्टोलिक दाब. योक आणि पॉप या संशोधकांनी 1984 मध्ये ही पद्धत कॅथेटरने, म्हणजे हृदयात बारीक नळी घालून, मोजलेल्या दाबांशी ताडून दाखवली.

घोळ होतो तो वर्गामुळे. धाप लागणाऱ्या एका पेशंटचा वेग मी 3.4 मोजला, आयव्हीसी, म्हणजे आरएमध्ये रक्त आणणारी खालची मोठी शीर, घाईत बघून आरएच्या दाबाचे 8 मिळवले आणि 54 लिहिले. आमच्या सरांनी प्रोब हातात घेतला, गेन, म्हणजे सिग्नल वाढवून दाखवण्याचं प्रमाण, कमी केला. कर्व्हच्या, म्हणजे वेगाच्या आलेखाच्या, कडेची धूसर झालर नाहीशी झाली आणि खाली ठळक कडा उरली. वेग निघाला 2.8. मग त्यांनी पेशंटला नाकाने झटकन श्वास ओढायला लावला. आयव्हीसी 2.1 सेंटीमीटरच्या आत होती आणि निम्म्याहून जास्त मिटली, म्हणजे मिळवायचे फक्त 3. एकूण 34. त्या माणसाला मी विनाकारण केवढ्या काळजीत टाकलं असतं, हे आजही आठवतं. तेव्हापासून झालर कधीच मोजत नाही. हनुवटी मोजा, दाढी नको, असं सर म्हणायचे.

उलटी चूक जास्त घातक. प्रवाहाची रेषा आणि डॉप्लरचा बीम यांत कोन पडला की वेग कमीच दिसतो. म्हणून एपिकल फोर चेंबर या एकाच दृश्यावर थांबू नका. आरव्ही इनफ्लो, शॉर्ट अ‍ॅक्सिस, सबकोस्टल, सगळीकडून बघा आणि पूर्ण कर्व्ह असलेला सर्वांत जास्त वेग घ्या. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा विकार, असेल तर किमान पाच ठोक्यांची सरासरी काढा.

टीआर दिसलाच नाही तर? मी एकदा सरळ ‘दाब नॉर्मल’ लिहून मोकळी झाले होते. सरांनी शॉर्ट अ‍ॅक्सिसची क्लिप परत लावली. आरव्ही फुगलेला, मधला पडदा चपटा होऊन डावा कप्पा इंग्रजी डी अक्षरासारखा दिसत होता. चित्र ओरडून सांगत होतं आणि मी आकडा शोधत बसले होते. आता अशा वेळी आरव्हीच्या बाहेरच्या मार्गात पल्स डॉप्लर ठेवून प्रवाहाचा अ‍ॅक्सिलरेशन टाइम, म्हणजे प्रवाहाला कमाल वेग गाठायला लागणारा वेळ, बघते. तो 105 मिलिसेकंदांहून कमी असला किंवा कर्व्हमध्ये मधेच खाच दिसली की संशय बळावतो. आरव्ही डाव्या कप्प्याहून मोठा आहे का, आरएचं क्षेत्रफळ 18 चौरस सेंटीमीटरच्या वर गेलंय का, हेही नोंदवते.

टीआर अतितीव्र असेल तर आणखी जपा. दोन्ही कप्प्यांतले दाब लवकर जवळ येतात, कर्व्ह त्रिकोणी होतो आणि हिशोब खरा दाब कमी दाखवू शकतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये आयव्हीसीच्या मिटण्यावर विसंबू नका. तंदुरुस्त खेळाडूंमध्ये ती दाब नॉर्मल असूनही मोठी असू शकते.

रिपोर्टमध्ये मी आधी टीआरचा वेग लिहिते, मग आरएचा धरलेला दाब, शेवटी बेरीज. वेग 2.8 पर्यंत असेल आणि इतर खुणा नसतील तर पल्मोनरी हायपरटेन्शनची, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला असण्याची, शक्यता कमी, 3.4 च्या वर जास्त. निदान मात्र उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशननेच पक्कं होतं, तिथे सरासरी दाब 20 च्या वर लागतो. कर्व्ह अपुरा असेल तर ‘दाब काढता आला नाही’ असं स्पष्ट लिहिते. पहिल्यांदा लिहिताना फार संकोच वाटला होता. सरांनी वाचलं, एक अक्षर न बदलता सही केली.

आपण एको केलेला पेशंट कॅथला गेला तर तिथला आकडा आवर्जून विचारा आणि आपल्या आकड्याशेजारी वहीत लिहा. दोन तपासण्यांत किती दिवस गेले, मधे लघवी वाढवणारी औषधं सुरू झाली का, हेही लिहा. माझ्या वहीत मोठे फरक पडले ते बहुतेक आरएच्या दाबात, म्हणून आता सर्वांत जास्त वेळ मी आयव्हीसीला देते.