गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोची ऑडिशन द्यायचीय? मग आधी हे वाचा

ऑडिशनची जाहिरात लागली की माझ्या क्लासमधल्या मुलांचे आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांचे फोन सुरू होतात, ताई गाणं कुठलं घेऊ, कपडे काय घालू, किती वाजता जाऊ. मी स्वतः दोनदा ऑडिशन दिलीय आणि नंतर मुलांना घेऊन कितीतरी वेळा त्या लाईनीत उभी राहिलेय, म्हणून जे माहितीय ते सगळं एकदाच लिहिते.

पहिलं गाणं. बहुतेक जण इथेच चुकतात कारण त्यांना वाटतं अवघड गाणं म्हटलं की छाप पडेल. तसं होत नाही. आत बसलेल्या माणसांनी सकाळपासून शंभर गळे ऐकलेले असतात, त्यांना तुमच्या ताना मोजायच्या नसतात, सूर पक्का आहे का, लय धरून आहे का, शब्द स्वच्छ येतात का आणि या आवाजात स्वतःचं काही आहे का एवढंच ते बघतात आणि ते पहिल्या दोन ओळीत कळतं. २००८-०९ च्या झी मराठीच्या लिटिल चॅम्प्समधली शेवटच्या फेरीतली ती पाच मुलं आठवा. आळंदीची कार्तिकी गायकवाड घरातूनच आलेली अभंग-गवळण गायची, प्रथमेश लघाटे नाट्यगीत घ्यायचा, रोहित राऊतचा बाज वेगळाच, कुणी कुणासारखं गात नव्हतं आणि जिंकली कार्तिकी. तुमच्या गळ्यात जे आहे तेच घ्या, भजनी मंडळात वाढला असाल तर अभंग घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

वेळ मिनिट-दीड मिनिटच मिळतो असं धरून चाला. सुरुवातीचा लांबलचक आलाप नको, सरळ मुखडा आणि एक अंतरा. आणि तुमचा आवाज अंतऱ्यातच खुलत असेल तर सरळ अंतऱ्यापासून सुरू करा, कुणी अडवत नाही.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा तुम्ही किती उंचावर धरता ते. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा साथ नसते, पेटी नाही तबला नाही, आणि इथे भल्याभल्यांची गडबड होते. माझी एक विद्यार्थिनी घरी सुंदर गायची, ट्रॅक, म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, लावला की बोट ठेवायला जागा नाही. एकदा मी तिला नुसतं गायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. पेटीच्या काळी चार या पट्टीत सुरू केलेलं गाणं अंतरा संपवून मुखड्यावर येईपर्यंत पांढरी सहावर गेलं होतं, म्हणजे अर्धा सूर वर, आणि तिला पत्ताच नाही. मग आम्ही महिनाभर एकच केलं, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून सा घ्यायचा, अ‍ॅप बंद, पूर्ण गाणं म्हणायचं, शेवटची ओळ संपता संपता अ‍ॅप परत चालू. जुळला तर ठीक, नाही तर पुन्हा. हे रोज करा, यासारखा दुसरा रियाज नाही. ऑडिशनच्या दिवशी आत जायच्या आधी इयरफोन लावून तुमच्या पट्टीचा सा नीट ऐकून घ्या, घाबरलं की माणूस हमखास वर सुरू करतो आणि मग तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, आवाज फाटतो. माझा पहिल्या वेळी असाच फाटला होता, आणि ते गाणं मी दोन वर्षं गात होते.

गाणी चार-पाच तयार ठेवा आणि ती वेगवेगळ्या जातीची. एक ऐकलं की "दुसरं काहीतरी ऐकवा" म्हणतात, तेव्हा भावगीतानंतर परत भावगीत नको, लावणी घ्या, लोकगीत घ्या. शब्द पाठ हवेत, मोबाईलमध्ये बघून गाणं चालत नाही.

ऑडिशनचा दिवस म्हणजे गळा सांभाळायचा दिवस. नंबर लागायला सहा-आठ तास सहज जातात आणि लाईनीत सगळे जण मोठमोठ्याने गात असतात, आपल्यालाही वाटतं गावं, पण नका गाऊ. सकाळी घरून निघताना दहा मिनिटं ओंकार आणि खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, नंतर नंबर जवळ आला की तोंड मिटून गुणगुणायचं, बस. डबा घरचा, पोळी-भाजी, चिवडा-वडापाव नको, पाणी साधं आणि थोडं थोडं. आधारकार्ड, झेरॉक्स, दोन-चार फोटो, पेन बरोबर ठेवा.

आत टीव्हीवरचे परीक्षक दिसले नाहीत तर हिरमुसू नका, पहिल्या फेऱ्यांना साधारणपणे संगीताची आणि चॅनेलची टीम असते, मोठी नावं पुढच्या फेरीत. मधेच थांबवलं तर लगेच थांबा, थांबवलं म्हणजे नापास असं नाही, कधी कधी ऐकायचं तेवढं ऐकून झालेलं असतं. स्वतःबद्दल विचारतील तेव्हा खरं तेच सांगा. घरची परिस्थिती असेल ती सांगा, पण रडवायला म्हणून काही जोडू नका. एकदा कॅमेऱ्यावर बोललेलं घरच्यांना आयुष्यभर वागवावं लागतं.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर पंखा बंद, खिडकीकडे तोंड, एकाच दमात रेकॉर्ड, आणि इको वगैरे काही लावू नका.

पैशांचं नीट ऐका. "सिलेक्शन करून देतो, एवढे भरा" असा कुणाचाही फोन आला तरी एक रुपया द्यायचा नाही. जाहिरात चॅनेलच्या स्वतःच्या पेजवर आहे का ते आधी बघा. निवड झाली की करार येतो, तो घरी आणून वाचा, किती महिने दुसरीकडे गाता येणार नाही ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ओळखीतल्या वकिलाला दाखवा.

आणि मूल १४ वर्षांखालचं असेल तर आईबाबांनी हे माहीत करून घ्या: २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे लहान मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, आणि त्याच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्याच नावावर बँकेत ठेवावे लागतात. शूटिंग रात्री लांबलं तर हे तोंडावर बोलायला कचरू नका, कारण त्या वेळी तिथे तुमच्या मुलाच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं.